अंगणातील दांडी : जागा, उभारणी आणि वापर

आडव्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळावयाचे, केवळ बाहूंच्या व पाठीच्या बळावर हनुवटी दांडीच्या वर न्यावयाची आणि हात पुन्हा सरळ होईपर्यंत सावकाश खाली यावयाचे, एवढाच हा व्यायाम आहे. शाळेत त्यास पुलअप म्हणतात. भरतीच्या तयारीला लागलेली मुले ‘बीम मारणे’ म्हणतात. धावण्यास गावाबाहेरचा रस्ता पुरतो, दंडबैठकांना सतरंजीएवढी जागा पुरते. या व्यायामास मात्र माणसाचे वजन खात्रीने पेलणारी वस्तू लागते. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगत औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांत ती वस्तू मुले बहुधा स्वतःच शोधून काढतात. कोणी गोठ्याच्या तुळईला लोंबकळतो, कोणी पारावरच्या झाडाच्या फांदीला, तर कोणी पाण्याच्या टाकीच्या शिडीला. यांपैकी कोणती वस्तू भार सोसेल याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

हा विचार आवश्यक होण्याचे एक कारण उघड आहे. या दोन्ही जिल्ह्यांतील उमेदवार सैन्यभरतीसाठी बेळगाव येथील भरती कार्यालयाच्या कक्षेत येतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली; तीतील अग्निवीर (जनरल ड्यूटी) पदाच्या शारीरिक चाचणीतही १.६ किलोमीटर धावण्यास जास्तीत जास्त ६० व पुलअपना ४० गुण ही जुनी विभागणी कायम राहिली. सहा पुलअपना १६ गुण मिळतात, सातांना २१, आठांना २७, नवांना ३३ आणि दहांना ४०. सहापेक्षा कमी निघाले तर उमेदवार त्या बाबतीत अनुत्तीर्ण होतो. रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर धावणारा, श्वासाने व पायांनी तयार असलेला मुलगा सहाव्या पुलअपला थांबतो आणि तेथेच चोवीस गुण मागे पडतो. नियम व गुण त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहून घ्यावेत हे खरे. परंतु दांडीवरचे बळ महिन्याभरात येत नाही, आणि घराजवळ दांडी असल्यावाचून तर ते येतच नाही.

लोंबकळण्याचा व्यायाम आपल्याकडे परका नाही. बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्लखांबाला जे शास्त्रशुद्ध रूप दिले, त्यातील वेताच्या व पुढे दोरीच्या मल्लखांबाचे सारे कसब पकडीवरच उभे आहे. आडवी दांडी मात्र युरोपातून आली. फ्रिड्रिख यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहायडे येथे उघड्यावरची व्यायामशाळा सुरू केली. तेथून ही दांडी कवायतीच्या मैदानांवर व पुढे शाळांत पोहोचली. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत आहे. जुन्या ग्रंथालयात तो असल्यास शिक्षकांनी अवश्य पाहावा. सीमाभागात तालीम व गरडी हे दोन्ही शब्द एकाच गावात ऐकू येतात, आणि दोन्हींचा अर्थ लाल मातीचा आखाडा असाच होतो. तेथे कुस्ती आहे, जोर आहेत. आडवी दांडी सर्वत्र नाही. म्हणून ती घरी उभारण्याचा प्रश्न येतो.

घर भार सोसते काय?

प्रथम घराकडे पाहावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले. घरे बांधण्याची रीत मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व पाट आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. गळती थांबविण्यासाठी दर काही वर्षांनी माळवदावर मातीचा नवा थर पडतो. जुना थर काढला जातोच असे नाही. अर्धा मीटर जाडीची माती असेल तर एका चौरस मीटरवर तिचेच वजन सातशे-आठशे किलो होते. म्हणजे अशा घरातील तुळई मुलगा लोंबकळण्यापूर्वीच पुरेपूर लादलेली असते.

तुळईच्या लाकडाची स्थिती बाहेरून कळत नाही. वाळवी आतून पोखरते व वरचे कवच शाबूत ठेवते. तुळईवर लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहावे. भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले पोकळ वाजते. भिंतीत शिरलेल्या टोकाशी दाभण खुपसून पाहावे; ते सहज बोटभर आत गेले तर त्या तुळईखाली झोपणेही योग्य नाही, मग लोंबकळणे दूरच. लटकणाऱ्याच्या झोक्याने तुळईची भिंतीतील बैठक ढिली होते हा त्याहून मोठा धोका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक याच प्रकारच्या घरांच्या भिंती व माळवदे कोसळून. किल्लारी लातूर जिल्ह्यात असली तरी बसवकल्याण तेथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसरात जमीन वारंवार हादरली, तेव्हा लोक घराबाहेर झोपले. ज्या भिंतींवर विश्वास ठेवावयाचा की नाही हाच प्रश्न आहे, त्यांना नवी ओढ लावू नये. माळवदाच्या घरास दांडी जोडूच नये, असा नियम केला तरी चालेल.

दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट बसवावयाची लोखंडी दांडी आता तालुक्याच्या बाजारातही मिळते. ती केवळ दोन्ही बाजूंना दिलेल्या दाबावर टिकते. पक्क्या विटांच्या, सिमेंटच्या दर्जात बसविलेल्या चौकटीत हा दाब टिकतो. दगड-मातीच्या भिंतीतील सुटलेली चौकट दाबाने बाजूला सरते, आणि दांडी कोणतीही पूर्वसूचना न देता निसटते. काँक्रीटच्या स्लॅबचे घर असेल तर बीममध्ये बसविलेली झोपाळ्याची कडी वापरता येते. पंख्याच्या कडीला लोंबकळू नये. स्लॅबच्या कडेला किंवा जांभ्याच्या दगडात बोल्ट ठोकून दांडी टांगणेही टाळावे, कारण असे बोल्ट झोक्यांनी हळूहळू सैल होतात.

झाडाचा पर्याय स्वस्त आहे. चिंचेची किंवा कडुनिंबाची मांडीएवढी जाड, जिवंत फांदी चांगला आधार देते. शेवग्याची फांदी लहान मुलाच्या वजनानेही कडकन मोडते. जांभळाचाही भरवसा नाही. शिवाय फांदी खडबडीत व मुठीत न मावणारी असते. म्हणून एखाद्या फांदीला आज लोंबकळता आले तरी नियमित सरावासाठी अंगणात स्वतंत्र खांब रोवणे हेच योग्य होय.

खांब, माती आणि सिमेंट

उभारणीचे मर्म दांडीत कमी आणि खड्ड्यात अधिक आहे. बिदर, हुमनाबाद व बसवकल्याणच्या काही भागांतील पठार जांभ्याचे आहे. तेथे फूट-दीड फुटावर कठीण मुरूम किंवा जांभा लागतो. खणणे कष्टाचे जाते, पण अडीच फूट खोल रोवलेला खांब हलत नाही. बिदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक याच जांभ्यात खोदलेला आहे. तो पाहिला म्हणजे या दगडाचे सामर्थ्य समजते.

मांजरा व कारंजा नद्यांच्या काठची, तसेच आळंदकडची काळी जमीन निराळी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत दोन-अडीच फुटांवर रोवलेला खांब पहिल्या पावसात वर उचलला जातो व पहिल्या उन्हाळ्यात एका बाजूला कलतो. म्हणून काळ्या मातीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर खड्डा किमान साडेतीन फूट करावा, तळाशी तोंडापेक्षा रुंद खणावा, म्हणजे आतील काँक्रीटचा गोळा वर उपटला जात नाही. आणि वरच्या फूटभर भागात काँक्रीटच्या भोवती काळी माती न भरता वाळू किंवा मुरूम भरावा, म्हणजे फुगणारी माती खांबाला थेट धरत नाही. दोन्ही खांब जमिनीलगत आडव्या काँक्रीटच्या पट्ट्याने एकमेकांस जोडल्यास ते निरनिराळ्या दिशांना कलत नाहीत.

खांबासाठी दोन इंची जी.आय. पाईप घ्यावा. पाईपची लांबी साधारण वीस फूट येते. मधोमध कापल्यास दहा-दहा फुटांचे दोन खांब वाया न जाता मिळतात. जांभ्याच्या जमिनीत अडीच फूट आत व साडेसात फूट वर हे माप बरोबर बसते. काळ्या जमिनीसाठी अर्थातच अधिक लांबी घ्यावी लागते. लाकडी खांब हवा असेल तर साग किंवा बाभळीचा, किमान चार-पाच इंच जाडीचा, सालपट काढलेला व वाळलेला घ्यावा. जमिनीत जाणाऱ्या भागास डांबर लावावे. कलबुर्गीच्या बाजूस शहाबादी दगड स्वस्त असल्याने त्याचे खांब वापरण्याचा मोह होतो. तो चुनखडीचा दगड वरून येणारा भार उत्तम सोसतो. बाजूने ओढ बसली की थरांमध्ये फुटतो. दांडीसाठी तो उपयोगाचा नाही.

दीड फूट लांब, दीड फूट रुंद व अडीच फूट खोल अशा दोन खड्ड्यांना एकास दोन, चार या प्रमाणात काँक्रीट केल्यास साधारण दोन पोती सिमेंट लागते. खांब ओळंब्याने उभा करून टेकू द्यावेत. काँक्रीटचा माथा जमिनीच्या चार बोटे वर व बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, कारण लोखंड सर्वांत आधी गंजते ते जमिनीच्या पातळीशी, जेथे पाणी साचते. किमान सात दिवस त्यावर ओले पोते टाकून पाणी मारावे. दोन आठवडे दांडीला कोणी हात लावू नये. काँक्रीटचे बळ पुरते येण्यास अठ्ठावीस दिवस लागतात. मुलांना एवढा धीर नसतो, हे घरातील मोठ्यांनी गृहीत धरावे व दांडी तोवर चढवूच नये.

दांडीचे माप आणि परीक्षा

दांडी मुठीत पूर्ण मावली पाहिजे. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असलेली पहार हातात धरून पाहावी. जवळजवळ तीच जाडी हवी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील दांडी २८ मिलिमीटर व्यासाची असते. एक इंची जी.आय. पाईप बाहेरून सुमारे ३४ मिलिमीटर भरतो व प्रौढाच्या हातास ठीक बसतो. लहान मुलांसाठी पाऊण इंची घ्यावा, पण दोन खांबांतील अंतर तीन फुटांपेक्षा वाढवू नये. पाईप बी क्लासचा, म्हणजे निळ्या पट्ट्याचा असावा. पिवळ्या पट्ट्याचा हलका पाईप वाकतो.

एक इंची पाईपसाठी खांबांतील अंतर चार फूट पुरे. अंतर दुप्पट केले की तेवढ्याच वजनाने येणारा बाक दुप्पट नव्हे, आठपट होतो. साठ किलोचा मुलगा स्थिर लोंबकळला तर दांडीवर साठ किलोच येतात. तोच उडी मारून दांडी पकडतो किंवा झोका घेतो तेव्हा क्षणभर दुपटी-तिपटीने भार येतो. हिशेब या भाराचा करावा.

अनेक घरी बोअरच्या मोटारीचे काढून टाकलेले जुने जी.आय. पाईप पडलेले असतात. ते वापरण्यास हरकत नाही. मात्र आट्यांची टोके कापून टाकावीत, कारण गंज व झीज तेथे सर्वाधिक असते, आणि आतून पापुद्रे सुटलेला पाईप भंगारातच घालावा. प्लॅस्टिकचा पाईप कितीही जाड असला तरी चालत नाही. दांडी खांबांना बोल्टने जोडावी अथवा वेल्डिंग करावे. वेल्डिंगपूर्वी जस्ताचा थर घासून काढण्यास कारागिरास सांगावे. जळत्या जस्ताचा धूर छातीस बाधतो. कोणत्याही पद्धतीने जोडली तरी दांडी स्वतःभोवती फिरता कामा नये. फिरणारी दांडी हातातून सुटते, आणि माणूस पाठीवर पडतो.

वापरापूर्वी दांडीची परीक्षा घ्यावी. तुरीच्या या जिल्ह्यात वजनासाठी दूर जावे लागत नाही. पन्नास किलोची चार पोती दोरांनी दांडीच्या मध्यभागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगावीत व तासभर ठेवावीत. त्या वेळी जवळ कोणी उभे राहू नये. पोती उतरविल्यावर दांडी पुन्हा सरळ झाली तर ती योग्य. बाक कायम राहिला तर ती बदलावी. खांबाच्या बुडाशी काँक्रीटला तडा दिसल्यास दुरुस्तीवाचून पुढे जाऊ नये. परीक्षा झाल्यावर दोर सोडून ठेवावेत. लहान मुलांच्या घरी दांडीला दोर लोंबकळत राहू देणे धोक्याचे आहे.

दांडीखाली शहाबादी फरशी असेल तर ती तेवढ्यापुरती उचलून सहा इंच वाळू किंवा भुसभुशीत लाल माती घालावी. वरून विजेची तार जात असेल तर जागाच बदलावी. वळवाचे ढग गडगडू लागताच उघड्यावरील लोखंडी दांडी सोडून घरात जावे. वैशाखात दुपारी ही दांडी हात पोळेल इतकी तापते. सराव सकाळीच करावा.

ज्याला एकही निघत नाही

शिक्षकांपुढे येणारी खरी अडचण पुढेच आहे. वर्गातील बहुसंख्य मुलांना एकही पुलअप निघत नाही, आणि ती दोन दिवसांत दांडी सोडतात. अशांना प्रथम केवळ लोंबकळू द्यावे : दहा सेकंद, मग वीस, मग तीस. पकड व खांदे येथेच तयार होतात. त्यानंतर चौरंगावर किंवा दगडावर उभे राहून हनुवटी दांडीच्या वर ठेवावी, पाय सोडावेत आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. वर जाण्याचे बळ खाली येण्यातूनच मिळते, हे मुलांना चमत्कारिक वाटते. परंतु स्नायू वजन सोडतानाही काम करतो, आणि वर नेता येत नाही असे वजनही तो रोखून धरू शकतो. तिसरा खांब रोवून छातीएवढ्या उंचीवर दुसरी दांडी बसविली तर तिच्याखाली तिरके पडून, टाचा जमिनीवर ठेवून छाती दांडीकडे ओढता येते. शाळेच्या मैदानासाठी तीन खांब व दोन दांड्या हीच मांडणी सर्वांत उपयुक्त आहे. शाळा विकास समिती व ग्रामपंचायत यांनी एकत्र येऊन ती केल्यास घरोघरी खड्डे खणण्याची गरजही कमी होईल.

तळहात स्वतःकडे ठेवून ओढणे सोपे जाते. सुरुवात तशी करून पुढे तळहात समोरच्या बाजूस वळवावेत. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, सराव पुरेसा आहे. झटका देऊन, पाय झाडून काढलेले पुलअप चाचणीत मोजले जातील या भरवशावर राहू नये. पहिला पुलअप निघण्यास कोणास तीन आठवडे लागतात, तर कोणास चार महिने. अंगाने जड असलेल्या मुलास अधिक लागतात आणि त्यात त्याचा दोष नाही.

सैन्यातील महिला भरतीच्या चाचणीत धावणे, लांब उडी व उंच उडी असते, बीम नसतो. त्यामुळे दांडी ही मुलांचीच, असे घरोघरी समजले जाते. कळशा वाहणाऱ्या मुलींची पकड पुष्कळदा भावापेक्षा चांगली असते. त्यांना दांडी अडविण्याचे कारण नाही. खांदा निखळलेला असणाऱ्यांनी, अंतर्गळ असलेल्यांनी, रक्तदाब जास्त असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोंबकळू नये.

दांडीची तपासणी वर्षातून दोनदा करावी. एक चैत्र-वैशाखात, काळ्या जमिनीला भेगा पडल्या असता. त्या वेळी खांब ओळंब्यात आहे की कलला आहे ते पाहावे. दुसरी पावसाळा सरल्यावर. खंडेनवमीला घरातील अवजारे पुसून मांडतात, त्याच दिवशी बोल्ट घट्ट करावेत, खांबाच्या बुडाशी गंज खरवडून पुन्हा डांबर द्यावे, आणि तुरीची पोती अजून घरात आली नसल्यास तेवढ्याच वजनाची वाळू टांगून दांडीची परीक्षा पुन्हा घ्यावी.